क्षारांचा कारभार : लेखांक सातवा — बेभान रोगी आणि वाढलेले पोटॅशियम

रक्तातील सोडियम घटले म्हणजे माणसाची बुद्धी कशी भ्रमिष्ट होते, हे मागील लेखांकात आपण पाहिले. त्यावरून पोटॅशियम वाढल्यानेही तसाच भ्रम होत असावा असे अनुमान कोणी काढील, परंतु या दोन क्षारांची प्रकृती भिन्न आहे. शरीरातील एकूण पोटॅशियमपैकी सुमारे ९८ टक्के पेशींच्या आत कोंडलेले असते. रक्तरसात त्याचे प्रमाण दर लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल एवढेच असते, आणि ते फार वाढले तर हृदयाचा ताल व स्नायूंचे बळ धोक्यात येते, पण बुद्धी बहुधा शाबूत राहते. म्हणून ज्याचे वर्तन बिघडले आहे आणि ज्याच्या रक्तात पोटॅशियमही वाढले आहे, अशा रोग्याच्या वेडेपणाचा गुन्हा पोटॅशियमवर दाखल करून मोकळे होणे बरोबर नव्हे. दोहोंच्या मुळाशी असलेले तिसरे कारण हुडकले पाहिजे.

अशा तिसऱ्या कारणाचे ठळक उदाहरण महाड-पोलादपूरच्या मुलुखानेच वैद्यकशास्त्राला दिले आहे. भाताचा पेंढा, दगडी गडगे, कौलारू घरांच्या फटी यांत वावरणारा लाल विंचू येथे कोणाला अपरिचित आहे? त्याचा दंश झालेले मूल एका जागी ठरत नाही, तळमळते, ओकते, घामाने निथळते, त्याच्या तोंडातून लाळ गळते, हातपाय थंडगार पडतात. आणि हे सारे पाहून घरची माणसे त्याला बाहेरची बाधा झाली असे समजून मांत्रिकाच्या दारी बसली, तर मोलाचे पहिले तास वाया जातात. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा असे रोगी फुप्फुसांत पाणी साचून दगावत असत. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून नाडीची, रक्तदाबाची व लक्षणांची बारीक नोंद ठेवली, ती निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली, आणि १९८६ साली पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह प्राझोसिन या औषधाचा इलाज त्याच नियतकालिकातून जगापुढे मांडला.

या विषाची करणी समजून घेतली म्हणजे पोटॅशियमचे कोडेही उलगडते. विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमचे दरवाजे बंद होऊ देत नाही. त्यामुळे मज्जातंतू सारखे चेतत राहतात आणि अॅड्रेनलीनसारख्या द्रव्यांचा लोंढा रक्तात उसळतो. या द्रव्यांच्या अल्फा नावाच्या परिणामाने स्वादुपिंडातील इन्सुलिनचा स्राव दबतो, आणि साखर व पोटॅशियम यांना पेशींत ढकलणारे इन्सुलिनच कमी पडल्यामुळे दोन्ही पदार्थ रक्तात वाढतात. म्हणजे मुलाची तळमळ, गार पडलेले हातपाय आणि पोटॅशियमचा चढलेला आकडा ही एकाच वादळाची चिन्हे होत. प्राझोसिन नेमका हाच अल्फा परिणाम रोखते, आणि त्याची मात्रा वेळेवर मिळाली तर वादळाचा जोर ओसरू लागतो.

विंचवाखेरीजही असे जोडकारण अनेक ठिकाणी आढळते. मूत्रपिंडे निकामी झाली की साचलेल्या मलद्रव्यांनी रोगी बरळू लागतो आणि बाहेर न पडलेले पोटॅशियमही साचते. टॉमस अॅडिसन यांनी १८५५ साली वर्णिलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या रोगात उदासीनता व चिडचिड यांच्या जोडीला हीच वाढ दिसते. आणि अंगात आले म्हणून ज्याला दोरखंडाने बांधून ठेवले जाते, तो सुटण्यासाठी तासन्‌तास झटापट करतो, तेव्हा त्याचे स्नायू विघटित होऊन त्यांतील पोटॅशियम रक्तात उतरू शकते. अशा वेळी बंदोबस्तच जिवावर उठतो.

एक खबरदारी मात्र आवर्जून घ्यावी. बेभान रोगी रक्त काढू देत नाही, मूठ आवळून झुंजतो, दंडावरचा पट्टा फार वेळ घट्ट राहतो. किंवा दुर्गम वाडीवर घेतलेला नमुना दूरच्या प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बर्फात पडून राहतो. या सर्व प्रसंगी पेशींतील पोटॅशियम रोग्याच्या हातातच किंवा नळीत बाहेर झिरपते आणि आकडा खोटा फुगतो. म्हणून हृदयालेख तत्काळ काढावा. त्यात टोकदार उंच लहरी किंवा तालाचा बिघाड दिसला, तर दुसऱ्या नमुन्याची वाट न पाहता हृदयाच्या संरक्षणासाठी कॅल्शियम, आणि पोटॅशियम पेशींत परत धाडण्यासाठी ग्लुकोजसह इन्सुलिन, अशी तजवीज डॉक्टर करतात. घरच्यांचे काम याहून सोपे आहे : माणूस एकाएकी विक्षिप्त वागू लागला तर त्याला दवाखान्यात न्यावे, आणि अंगावर कोठे दंश आहे का, कोणती औषधे चालू आहेत, लघवी किती होते, याची खरी जबानी डॉक्टरांना द्यावी.

पुढील लेखांकात मूत्रपिंडाच्या रोग्याने शहाळ्याच्या पाण्याविषयी सावध का असावे, याचा विचार करू.