रिकाम्या घराची किल्ली कोणाला द्यायची?

जपानच्या शिकोकू बेटावर, तोकुशिमा प्रांतातल्या डोंगरांत कामियामा नावाचं गाव आहे. १९५५ च्या सुमारास तिथे वीस हजारांवर वस्ती होती. आता जेमतेम पाच हजार उरलेत आणि त्यांतले निम्म्याहून जास्त लोक पासष्टीपुढचे. तरीही २०११ साली गाव सोडणाऱ्यांपेक्षा गावात राहायला येणारे जास्त भरले. हे कसं जमलं?

सुरुवात कलावंतांपासून झाली. १९९९ पासून दरवर्षी देशोदेशीचे काही कलाकार गावात मुक्कामाला येऊ लागले. त्यांना जागा, हत्यारं, जेवणखाण पुरवता पुरवता म्हाताऱ्याकोताऱ्यांना परक्या माणसाची सवय झाली. माझ्या मते पुढचं सगळं या सवयीवर उभं राहिलं.

मग इंटरनेट. टीव्हीचं प्रक्षेपण डिजिटल झालं की ओसाकाची चॅनेलं दिसेनाशी होणार, म्हणून तोकुशिमाने खेड्यापाड्यांत फायबरची केबल नेली. वापरणारे थोडे, त्यामुळे वेग भरपूर. २०१० मध्ये टोकियोच्या 'सानसान' या सॉफ्टवेअर कंपनीने इथल्या एका जुन्या घरात कार्यालय थाटलं. मागोमाग इतर कंपन्याही आल्या.

खरी अडचण घरांची. घरं रिकामी, पण मालक भाड्याने देईनात: आत देव्हारा आहे, ओबोनच्या सणाला मुलं येतात. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. गणपतीत आणि शिमग्यात उघडणारी, सातबाऱ्यावर दहा नावं असलेली घरं आपल्याकडेही आहेत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. कामियामात शिन्या ओमिनामी आणि त्यांच्या 'ग्रीन व्हॅली' संस्थेने मालकांशी घरोघरी बोलणी केली आणि एक वेगळी पद्धत बसवली: घर आधी, माणूस नंतर. या घरात पाव भाजणारा हवा, त्या घरात वेबसाइट बनवणारा, असं गावच ठरवणार. येणारा स्वतःचा धंदा सोबत आणतो, त्यामुळे त्याच्यासाठी नोकरी शोधावी लागत नाही, आणि गावात नसलेली सोय गावाला मिळते. नुसतं अनुदान देऊन माणसं बोलावण्यापेक्षा मला ही रीत कितीतरी शहाणपणाची वाटते.

जन्मांपेक्षा मृत्यू जास्त असल्याने एकूण आकडा अजूनही घटतोच आहे. ओमिनामी हे उघड मान्य करतात. आकडा रोखण्याऐवजी उरलेल्यांत तरुण आणि हुन्नरी माणसांचं प्रमाण वाढावं, असा त्यांचा हिशेब.

आलेलं कुटुंब टिकतं ते मुलांच्या शिक्षणावर. पंधरा वर्षांची मुलं शिकायला बाहेर गेली की सहसा परतत नाहीत. म्हणून 'सानसान'चे संस्थापक चिकाहिरो तेरादा यांच्या पुढाकाराने २०२३ च्या एप्रिलमध्ये गावातच पाच वर्षांचं तंत्रमहाविद्यालय सुरू झालं. वर्षाला चाळीस विद्यार्थी, विषय तंत्रज्ञान, डिझाइन आणि उद्योजकता. फीचा भार कंपन्यांनी उभारलेल्या निधीवर. पहिली तुकडी २०२८ मध्ये बाहेर पडेल.