तक्रार नेमकी कुठं अडते?

समजा, दारू पिऊन घरी निघालेल्या माणसाला वाटेत कुणी लुटलं. तो पोलीस ठाण्यात जाईल का? बहुतेक नाही. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानं परवान्याशिवाय दारू पिणं गुन्हा आहे. गांजा ओढणं 1985 च्या एनडीपीएस कायद्यात गुन्हा. म्हणून मार खाल्लेलाच घाबरतो अन् लुटणारा मोकळा फिरतो.

याच एनडीपीएस कायद्याचं कलम 64अ सांगतं, की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर खटल्यातून सूट मिळू शकते. तक्रारदाराला मात्र तशी सूट त्यात नाही.

पालकहो, घरातही असंच होतं. चोरून गुटखा खाल्लेला पोरगा, कुणी वाईट वागलं तरी मार बसेल म्हणून गप्प राहतो. त्याला आधीच सांगून ठेवू या : तुझी चूक वेगळी, तुझ्यावरचा अन्याय वेगळा. मदतीला 1098 आहेच.