कयाधूकाठचा चिखल आणि पंचेचाळीस लाखांची गाडी

पंढरपूरची आषाढी करून परतलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला नरसी नामदेव येथे दर्शनाला येतात. ही ‘परतवारी’. कयाधू नदीच्या काठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान. त्यांचे जन्मवर्ष १२७० मानले जाते. शिंप्याच्या घरात जन्मलेल्या या संताचे नाव पंजाबातील घुमानपर्यंत पोहोचले. त्यांच्या गावी यात्रेच्या दिवसांत वाहने उभी करायला जागा पुरत नाही. मग गाडी रस्त्याकडेच्या शेतात उतरवावी लागते, आणि संध्याकाळी ती बाहेर निघते तेव्हा तिचा मूळ रंग कोणता होता, हे आठवून सांगावे लागते.

मराठवाड्यातील ही काळी जमीन बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली आहे. तिच्यातील चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच, आणि पावसाळ्यात हीच जमीन बैलाचा पाय धरून ठेवते तेही यामुळेच. हा चिखल चाकाला नुसता लागत नाही. थरावर थर देत बसतो आणि वाळला की विटेसारखा कठीण होतो.

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत या भागातील व्यापारी कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत मोठ्या, उंच, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या घेतल्या आहेत. त्यात हौस आहे, प्रतिष्ठाही आहे. पण गरज अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. हळद, सोयाबीन, कापूस यांचा व्यापार करणाऱ्याला शेतापर्यंत जावे लागते. शिरड शहापूरला भगवान मल्लिनाथांच्या दर्शनाला किंवा वाशीम जिल्ह्यातील शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला घरातील वडीलधाऱ्यांना घेऊन जायचे, तर गुडघे न वाकवता बसता येईल अशी आसनेही लागतात. गाडी येते आणि तिच्यासोबत घरात एक नवा वादही येतो. मुलाला ती रोज आरशासारखी हवी असते. वडील म्हणतात, चिखलासाठीच घेतली ना, मग चिखल लागला तर बिघडले कुठे? आणि आई विचारते ती टाकीतल्या पाण्याबद्दल. तिघांचेही म्हणणे तपासून पाहण्यासारखे आहे.

वडिलांच्या बाजूने इतिहास उभा आहे. आपल्याकडे या जातीच्या वाहनाची ओळख जीपने करून दिली. महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा त्या गाडीत पुसण्यासारखे फार काही नव्हतेच. इंग्लंडमध्ये १९७० साली पहिली रेंज रोव्हर आली. आज ती ऐश्वर्याची खूण समजली जाते. परंतु त्या पहिल्या गाडीची आसने प्लॅस्टिकच्या आवरणाची होती आणि तिचा आतला भाग नळीने पाणी मारून धुता यावा अशी रचना होती. चामडे, गालिचे, लाकडी पट्ट्या हे सारे नंतरचे. लँड रोव्हर २००८ पासून टाटांच्या मालकीची आहे, म्हणजे हा इतिहास आता थोडा आपलाही झाला. २०२० च्या नव्या थारमध्येही तळ धुऊन पाणी खाली सोडण्यासाठी बुचे दिलेली आहेत. ज्यांनी चिखलासाठी गाडी बनवली त्यांनी ती धुतली जाणार हे गृहीत धरले होते. ती सदैव चमकत राहावी, ही अपेक्षा मागाहून आली.

आता हिशेब. पंचेचाळीस लाखांची गाडी घेतली असे धरू. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोठ्या गाड्यांवर जीएसटी ४० टक्के आहे. त्यापूर्वी कर आणि अधिभार मिळून तो ५० टक्के होता. तेरापर्यंत आसने असलेल्या प्रवासी वाहनावर भरलेल्या या कराचे क्रेडिट सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही, कायद्याच्या कलम १७(५) ने ते अडवलेले आहे. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता एक टक्का आयकर गोळा करतो. तो मात्र विवरणपत्रात वळता करून घेता येतो. गाडी धंद्याच्या वापरात दाखवली तर आयकरासाठी घटत्या शिलकेवर १५ टक्के घसारा मिळतो, म्हणजे पाच पूर्ण वर्षांनी वहीत सुमारे वीस लाख उरतात. विम्याच्या कोष्टकात चार वर्षांवरील व पाच वर्षांच्या आतील गाडीची किंमत निम्मी धरली जाते. या दोन्ही ठिकाणी गाडी स्वच्छ आहे की मळलेली, हे कोणीही विचारत नाही. स्वच्छतेचे मोल ठरते ते फक्त जुनी गाडी विकताना.

विकताना साडेबावीस लाख येतील असे मानले आणि एका धुण्याचे पाचशे रुपये धरले, तर दर आठवड्याला बाहेर धुऊन घेण्याचा खर्च वर्षाला २६,००० आणि पाच वर्षांत १,३०,००० रुपये होतो. विक्रीच्या किमतीच्या तुलनेत हे पावणेसहा टक्के झाले. केवळ चकाकी पाहून कोणी जुन्या गाडीला एवढे अधिक देईल, असे मोंढ्यातला कोणताही जाणकार मान्य करणार नाही. याउलट चिखलातून आल्यावरच, वर्षातून दहा वेळा, खालून नीट धुऊन घेतली तर पाच वर्षांचे २५,००० होतात, म्हणजे एक टक्क्याहून जरासे अधिक. एवढे तर एखादी मोठी दुरुस्ती टळली तरी निघून येतात. मुलाचा दावा इथे निम्मा पडतो आणि वडिलांचाही निम्माच टिकतो, कारण चिखल लागला तर बिघडते, फक्त ते बाहेरून दिसत नाही.

काय बिघडते ते पाहू. चाकाच्या आतल्या कडेला वाळलेला चिखल एका बाजूला साचला की चाकाचा तोल जातो आणि महामार्गावर वेग वाढताच स्टिअरिंग थरथरते. अनेक जण अशा वेळी थेट अलाइनमेंटसाठी पैसे देऊन येतात. आधी चाकाच्या आत पाण्याचा फवारा मारून पाहावा. रेडिएटरच्या बारीक जाळीत माती बसली की हवा खेळत नाही आणि चैत्र-वैशाखात इंजिन तापते. ब्रेकच्या तबकडीला खडे घासून चरे पडतात. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात; ती बुजली तर पाणी आतच राहते आणि पत्रा आतून गंजतो. या वर्गातील बऱ्याच गाड्या स्वतंत्र सांगाड्यावर उभ्या असतात, त्या पोकळ सांगाड्यात शिरलेला ओला चिखल महिनोन्‌महिने ओल धरतो. नव्या गाड्यांचे कॅमेरे आणि संवेदक चिखलाने झाकले गेले की मागे घेताना वाजणारी सूचना एक तर गप्प होते, नाही तर विनाकारण ओरडते. गंजाचे भय मात्र इथे वाढवून सांगू नये. कोकणातल्या खाऱ्या हवेत किंवा बर्फावर मीठ टाकणाऱ्या थंड देशांत गाडीचा पत्रा जसा सडतो, तसा हिंगोलीच्या कोरड्या हवेत सडत नाही.

अपवाद खताचा. बियाणे व खतांचे दुकान असणाऱ्या घरांत घाईच्या वेळी दोन पोती गाडीच्या मागच्या भागात टाकली जातात. सांडलेले खत हवेतील ओल ओढून घेते आणि पत्र्याला मिठाइतकेच जाचते. शेतातला चिखल चार दिवस राहिला तर चालेल. सांडलेले खत त्याच दिवशी झाडून, ओल्या फडक्याने पुसून काढावे.

रोज सकाळी नोकराने कोरडे फडके घेऊन गाडी पुसायची, हा सर्वत्र दिसणारा प्रकार सर्वांत वाईट. आपल्या रस्त्यांवरची धूळ म्हणजे खडकाची पूड. ती कोरडी घासली की रंगाच्या वरच्या पारदर्शक थरावर गोल गोल ओरखडे उमटतात. तीन वर्षांनी उन्हात उभी केलेली गाडी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते ती या कष्टांमुळेच. म्हणजे माणसाची रोजची अर्ध्या तासाची मेहनत खर्चून मालकाने आपल्याच मालाची किंमत कमी केलेली असते. त्यापेक्षा धूळ तशीच राहू द्यावी. तालुक्याच्या गॅरेजमध्ये खालून डिझेल फवारण्याची जुनी पद्धतही अशीच. लोखंड दोन दिवस काळेभोर दिसते, पण रबराचे बुश आणि आवरणे फुगून खराब होतात.

राहिला आईचा प्रश्न, आणि तोच सर्वांत जड आहे. साधी नळी मिनिटाला पंधरा लिटर पाणी सोडते असे धरले, तरी वीस मिनिटांच्या धुण्यात तीनशे लिटर जातात. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरवले आहे. एका गाडीच्या अंघोळीत पाच माणसांचा दिवस निघतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही घटना मराठवाड्याने विसरू नये. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून पाच हजार रुपये दंड ठेवला.

जैन घराला तर हे सरकारने सांगण्याची गरज पडू नये. पाणी हेच आपल्याकडे जीवांचे शरीर, अप्काय. पाणी गाळून घेणे आणि गाळण्यातील जिवाणी जपून मूळ जलस्थानी सोडणे ही ज्या घरांची रीत, त्या घरांच्या अंगणात नळी मोकळी वाहते हे विसंगत आहे. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अनर्थदंडाचा एक प्रकार ‘प्रमादचर्या’ म्हणून सांगितला आहे. प्रयोजनावाचून माती खणणे, पाणी सांडणे, अग्नी पेटवणे, हे त्यात येते. इथे आक्षेप पाणी वापरण्यावर नसून त्यामागे प्रयोजन नसण्यावर आहे. ब्रेकला घासणारा चिखल काढणे हे प्रयोजन झाले. शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा आपली उजळ दिसावी, हे प्रयोजन म्हणून कोणत्या आचार्यांपुढे मांडता येईल?

पण न धुण्यालाच अहिंसा समजणेही बरोबर नाही. चातुर्मासात ओले पायपुसणे आठवडाभर गाडीत पडले तर त्याखाली बुरशी धरते, कुबट वास येतो, आणि मग ती काढायला अधिक पाणी, अधिक रसायने आणि अधिक जीवहानी. वेळीच बाहेर काढून सुकवले असते तर थेंबभरही पाणी लागले नसते. काचेवर आदळणाऱ्या किड्यांचेही तसेच. ते वाळून रंगाला चिकटतात आणि डाग पाडतात, म्हणून घासावे लागते. मुळात ते येतात रात्री, दिव्यांच्या ओढीने. सूर्यास्तापूर्वी जेवणासाठी घरी पोहोचणाऱ्या कुटुंबाची काच त्यामुळे स्वच्छ राहते.

नरसीसारख्या ठिकाणी गाडी थेट कयाधूच्या पात्रात घालून धुण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. इंजिनाखालचे वंगण पाण्यावर पसरते आणि ज्या जलचरांचा विचार करून आपण घरी पाणी गाळतो त्यांच्यावरच ते जाते. त्याऐवजी पन्हाळीचे पाणी टाकीत साठवावे. पावसाचे पाणी मृदू असते. बोअरच्या जड पाण्यासारखे पांढरे ठिपके ते सोडत नाही. शुद्धीकरण यंत्रातून टाकून दिले जाणारे पाणी बोअरहूनही क्षारयुक्त असते, तेव्हा ते पायपुसण्यांना चालेल, रंगाला नको. आधी चाकांच्या कमानी आणि तळ ओला करून चिखल फुगू द्यावा, दहा मिनिटांनी तो थोड्या पाण्यात सुटतो. मग दोन बादल्या, एक साबणाची आणि एक फडके खळबळण्याची, आणि वरून खाली. जोराचा फवारा रेडिएटरच्या जाळीवर, विजेच्या जोडांवर आणि रबरी आवरणांवर जवळून मारू नये. विक्रेता सिरॅमिक कोटिंगचा आग्रह करतो. त्याने धुणे सोपे होते, पण वाळूचे ओरखडे त्यानेही थांबत नाहीत.

एक शेवटची अडचण खास या जिल्ह्याची. हळदीच्या बाजारातून परतलेल्या माणसाचे कपडे फिकट रंगाच्या आसनावर पिवळा ठसा सोडतात. घाबरून त्यावर साबण लावला की डाग लाल होतो आणि घरात रडारड होते. साबण ओल्या फडक्याने काढून टाकावा आणि दार उघडे ठेवून गाडी उन्हात उभी करावी. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. दोन-चार दिवसांत तो आपसूक फिका पडतो.