सोयगावचा घाट लूप: आधी हळदा, मग अजिंठा

आजचा एपिसोड सायकलवाल्यांसाठी. सोयगाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. वर जायला एक हळदा घाट, दुसरा फर्दापूरहून अजिंठा घाट. दोन्ही जोडले की झाला लूप: सोयगाव, हळदा, उंडणगाव, गोळेगाव, अजिंठा, फर्दापूर आणि परत सोयगाव.

प्रश्न एकच, चढायचं कुठून? मी म्हणतो, हळद्याने. वेताळवाडी किल्ल्याशेजारून जाणारा हा रस्ता अरुंद आणि वळणांचा. चढताना वेग ताशी १० किलोमीटर असेल, तर उतरताना सहज ४० होतो. वेग चौपट म्हणजे ब्रेकवरचा भार १६ पट! त्यात वळणावर गुरं आडवी आली तर? म्हणून अरुंद घाट चढायला ठेवा, हायवेचा रुंद घाट उतरायला. तिथे ट्रक असतात. डावी बाजू सोडू नका, आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता थांबून थांबून लावा.

उजाडताच निघा, म्हणजे मोठा चढ उन्हाआधी संपेल. पाण्याच्या बाटल्या उंडणगावात भरा. फर्दापूरनंतर चढ नाही, पण ऊन डोक्यावर येतं. लेणीही बघायची असतील तर सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतात.

आणि हो, आदल्या रात्रीच दोन्ही ब्रेक तपासा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!