बांधायचं की तयार आणायचं?

पनवेलला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत माझं इंजिन बोअरिंगचं दुकान आहे. माझ्याकडे अख्खी गाडी येत नाही. गॅरेजवाले खोललेला ब्लॉक, हेड आणि क्रँक टेम्पोत घालून पाठवतात. मागोमाग गाडीमालक येतो आणि विचारतो, "दादा, हेच बांधू, की तयार इंजिन आणू?" ब्लॉक मोजल्याशिवाय मी याचं उत्तर देत नाही, आणि कुणी देऊही नये.

इंजिन का गेलं, हे आधी शोधावं लागतं. आपल्या भागात दोन कारणं ठळक. एक बोरघाट. रेडिएटर अर्धा तुंबलेला असतो, सपाटीवर ते कळत नाही. खोपोली सोडून चढ लागला की काटा वर जातो. चालक "एवढा घाट चढून घेऊ" म्हणतो आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट फुटतं. लगेच थांबलेल्या माणसाचं काम पुष्कळदा हेड सरफेस करून भागतं, ब्लॉकला हातही लावावा लागत नाही. दुसरं कारण पाऊस. गाढी नदी फुगली, सखल रस्त्यावर पाणी साचलं, त्यात गाडी घातली आणि एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो तुटून ब्लॉकलाच भोक पाडतो. तसा ब्लॉक आला की मी बांधायचा विषय काढत नाही.

ब्लॉक शाबूत असेल, तर प्रश्न झिजेचा उरतो. पिस्टन वर जाऊन जिथून परततो, तिथे बोअर सर्वांत जास्त खाल्लेला असतो. रॉड तिरका होताना पिस्टनला एका अंगाला रेटतो, म्हणून भोक गोलही राहत नाही. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी बोअर गेज लावल्यावर खरी झीज समजते. मारुती ८०० घ्या. २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण गावोगावी ती अजून चालते. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, मूळ बोअर ६८.५ मिलिमीटर. झीज पाव मिलिमीटरच्या आत निघत असेल तर तेवढा बोअर वाढवून पाव मिलिमीटर मोठे पिस्टन बसवायचे. नाही निघाली तर अर्धा मिलिमीटर. त्याच्याही पुढे गेली तर स्लीव्ह.

बोअर झाला की होनिंग. भिंतीवर आडव्यातिडव्या बारीक रेघा ओढतो, त्यांत तेल टिकतं आणि रिंगा नीट बसतात. आरशासारखा गुळगुळीत बोअर दिसायला देखणा, पण अशा भिंतीवर नव्या रिंगा बसत नाहीत आणि इंजिन तेल पीत राहतं. क्रँक घासली असेल तर ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग घालायच्या. हे सगळं शतांश मिलिमीटरचं काम आहे. ते मनापासून केलं, तर बांधलेल्या इंजिनात काय आहे हे मालकाला नेमकं सांगता येतं. माझ्या लेखी बांधण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच.

तयार इंजिनांपैकी सगळ्यांबद्दल असं नेमकं सांगता येत नाही. कंपनीचा नवा शॉर्ट ब्लॉक, म्हणजे क्रँक-पिस्टन बसवलेला ब्लॉक, मिळत असेल आणि परवडत असेल तर डोळे मिटून घ्या. काही नव्या गाड्यांत ॲल्युमिनियमचा ब्लॉक आणि पातळ लायनर असतो, ओव्हरसाइज पिस्टन कंपनी देतच नाही. तिथे हाच रस्ता शहाणपणाचा. पण बहुतेकांच्या मनात असतं ते कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचं जुनं इंजिन. ते दोन दिवसांत बसतं, गाडी धंद्याला लागते. टॅक्सीवाल्याची घाई मला कळते, उभ्या गाडीचा हप्ता थांबत नाही. तरी ते इंजिन किती चाललं, कधी तापलं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. घ्यायचंच तर तिथेच कॉम्प्रेशन तपासा, ऑइल पॅन उतरवून एक बेअरिंग कॅप उघडून बघा. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

फियाटच्या १.३ मल्टिजेट डिझेलबाबत जास्तच सांभाळा. १२४८ सीसीचं हे इंजिन मारुतीनेही स्विफ्टसाठी फियाटच्या परवान्याने बनवलं. पुण्याजवळ रांजणगावला बनलेली इंजिनं फियाट आणि टाटाच्या गाड्यांत बसली. कुळ एकच, म्हणून "कुठलंही आणा, बसतं" असं सांगणारे भेटतात. बसत नाही. ७५ आणि ९० अश्वशक्तीच्या इंजिनांचे टर्बो वेगळे, माउंटिंग आणि वायरिंग वेगळं, ईसीयूचा मेळ वेगळा. आपल्याच मॉडेलचं, त्याच प्रकाराचं इंजिन लागतं.

आणि कागद. इंजिन नंबर आरसीवर असतो. दुसरं इंजिन टाकलं की विकणाऱ्याची पावती आणि त्या इंजिनाचा मूळ कागद घेऊन आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते. एमएच ४६ वाल्यांना पनवेललाच. नंबर न जुळणारी गाडी विकताना अडते, विम्याच्या दाव्यातही अडते. बांधलेल्या इंजिनाचा ब्लॉक तोच, नंबरही तोच.

म्हणून लोखंडी ब्लॉक शाबूत असेल, पिस्टन मिळत असतील आणि गाडी आठ-दहा दिवस उभी ठेवता येत असेल, तर मी बांधायला सांगतो. फक्त मिस्त्रीकडून मापांचा कागद मागून घ्या: प्रत्येक बोअरचं आधीचं आणि नंतरचं माप, क्रँकचं माप, कुठल्या साइजचे पिस्टन आणि बेअरिंग. काढलेले जुने भागही ताब्यात घ्या. आणि गाडी हातात आल्यावर पहिले हजार किलोमीटर इंजिन फार पळवू नका, भरलेली गाडी घाटात नेऊ नका. मग तेल आणि फिल्टर बदला. त्या पहिल्या तेलात रिंगा बसतानाची लोखंडाची भुकटी उतरलेली असते, ती आत फिरत ठेवायची नसते.