बीपीची गोळी, कॅल्शियम आणि भिलवडीचं दूध

सांगलीत बीपीसाठी ॲम्लोडिपिन घेणारे बरेच जण विचारतात, "गोळी कॅल्शियम रोखते, मग दूध बंद करू का?" भिलवडीचं दूध ज्यांच्या चहात रोज पडतं, त्यांना हा प्रश्न पडणारच. उत्तर: नाही.

पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट जास्त असतं. पेशीपटलातली कॅल्शियमची दारं क्षणभर उघडली की ते आत शिरतं आणि स्नायू आकुंचन पावतो. ॲम्लोडिपिन मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या स्नायूंमधली ही दारं अडवतं, वाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. याच गटातली व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम हृदयावरही जास्त काम करतात, म्हणून नाडी मंदावते. हाडांतलं कॅल्शियम तिथंच राहतं, आणि रक्तातली पातळी पॅराथायरॉइड ग्रंथी सांभाळते. तुमच्या पेल्याने ती हलत नाही.

स्नायूंसाठी कॅल्शियमचं महत्त्व ब्रिटिश डॉक्टर सिडनी रिंगर यांना 1883 मध्ये कळलं. बेडकाचं हृदय लंडनच्या नळाच्या पाण्यातल्या द्रावणात नीट धडधडत होतं, शुद्ध पाण्यातल्या द्रावणात मंदावत गेलं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं!

मॅग्नेशियमही कॅल्शियमची हीच दारं थोडी अडवतं. म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन आणि या गोळ्या एकत्र देताना डॉक्टर दाबावर लक्ष ठेवतात. बीपी असेल तर खरी काळजी दुधाची नाही, मिठाची करा, पापड-लोणच्यांकडे बघा.

पाय सुजले तर गोळी स्वतःहून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि दूध प्या.