इंटरनेटवरील किरकोळ व्यापार आणि उद्योजकाची संपत्ती : फाल्गुनी नायर व ‘नायका’ यांचा एक अभ्यास

प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्याची आर्थिक ओळख धान, राईस मिल आणि बिडी उद्योग यांनी घडविली आहे. या व्यवसायांत संपत्ती डोळ्यांना दिसते. गोदामातील पोती मोजता येतात, गिरणीची यंत्रे व जमीन यांचे मूल्य ठरविता येते. परंतु आज वाणिज्य शाखेचा विद्यार्थी ज्या संपत्तीविषयी वर्तमानपत्रांत वाचतो तिचे स्वरूप वेगळे आहे. इंटरनेटवर माल विकणारी कंपनी एका दिवसात हजारो कोटींनी ‘श्रीमंत’ होते आणि वर्षभरात तितकीच ‘गरीब’ होते. या आकड्यांचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न विद्यार्थी वर्गात विचारतात. त्याचे उत्तर नीट मिळाले नाही तर उद्योजकता म्हणजे एखादी चमकदार कल्पना आणि शेअर बाजार म्हणजे नशिबाचा खेळ, असे दोन गैरसमज सोबत घेऊनच ते पदवीधर होतात.

प्रस्तुत लेखात मुंबईस्थित ‘नायका’ या कंपनीच्या संस्थापक फाल्गुनी नायर यांच्या वाटचालीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. इंटरनेट व्यापारातील उद्योजकाची संपत्ती केवळ विक्रीतून किंवा नफ्यातून निर्माण होत नाही. कंपनीची किती मालकी स्वतःकडे राखली आणि बाजाराने त्या मालकीला कोणता भाव दिला, यावर ती ठरते, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न आहे.

पूर्वपीठिका

फाल्गुनी नायर यांचा जन्म १९६३ साली मुंबईतील गुजराती कुटुंबात झाला. वडिलांचा बेअरिंगचा लहान व्यवसाय होता. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यानंतर १९८५ साली त्यांनी अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतून शिक्षण पूर्ण केले. प्रारंभी ए. एफ. फर्ग्युसन या सल्लागार संस्थेत आणि पुढे जवळजवळ दोन दशके कोटक महिंद्रा समूहात त्यांनी काम केले. लंडन व न्यूयॉर्क येथील कामकाजाचा अनुभव घेऊन त्या कोटकच्या गुंतवणूक बँकेच्या व्यवस्थापकीय संचालक झाल्या. इतर कंपन्यांना भांडवल बाजारात आणणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता.

२०१२ साली, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नोकरी सोडून एफएसएन ई-कॉमर्स व्हेंचर्स ही कंपनी स्थापन केली. ‘नायका’ हे नाव संस्कृत ‘नायिका’ या शब्दावरून घेतले आहे. महाविद्यालयीन वयातच उद्योग सुरू करून श्रीमंत होणाऱ्या तरुणाची जी प्रतिमा लोकप्रिय आहे, तिच्याशी हे उदाहरण जुळत नाही. येथे सुमारे सत्तावीस वर्षांचा व्यावसायिक अनुभव, स्वतःची बचत, आर्थिक क्षेत्रातील परिचय आणि वित्त क्षेत्रातच उच्चपदस्थ असलेले पती संजय नायर यांची साथ, एवढी पुंजी आरंभीच उपलब्ध होती. या पुंजीचा परिणाम पुढे मालकीच्या प्रमाणावर झाला, म्हणून तिची नोंद आवश्यक ठरते.

व्यवसायाचे स्वरूप

सौंदर्यप्रसाधने हा इंटरनेट विक्रीस अनुकूल असा माल आहे. वस्तू लहान व हलकी असते. वजनाच्या मानाने तिची किंमत अधिक असल्याने पाठविण्याचा खर्च तुलनेने कमी पडतो. ग्राहक तीच वस्तू पुन्हा पुन्हा मागवितो. मात्र या व्यापारात दोन अडचणी आहेत. पहिली बनावट मालाची आणि दुसरी मुदत संपलेल्या मालाची. त्वचेवर लावायची वस्तू खरी आहे किंवा नाही, याची खात्री ग्राहकाला पडद्यावर पाहून होत नाही.

इंटरनेट व्यापाराच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत कंपनी केवळ बाजारपेठ उपलब्ध करून देते आणि माल इतर विक्रेत्यांचा असतो. दुसऱ्या पद्धतीत कंपनी स्वतः माल खरेदी करून गोदामात ठेवते व विकते. सौंदर्यप्रसाधनांत नायकाने मुख्यत्वे दुसरी पद्धत स्वीकारली. माल उत्पादकाकडून किंवा त्याच्या अधिकृत वितरकाकडून थेट घेतल्यास अस्सलपणाची हमी देता येते. यात भांडवल अडकते व न विकलेल्या मालाची जोखीम पत्करावी लागते, परंतु ग्राहकाचा विश्वास मिळतो. पुढे कंपनीने स्वतःची प्रसाधने बाजारात आणली आणि प्रत्यक्ष दुकानेही उघडली. ऑगस्ट २०२१ अखेर ४० शहरांत तिची ८० दुकाने होती.

खरेदी, साठा, मुदत आणि उलाढाल यांचा हिशेब ठेवण्याची ही शिस्त कोणत्याही मुरलेल्या दुकानदाराला परिचित आहे. माध्यम बदलले तरी व्यापाराचे मूलतत्त्व बदललेले नाही.

मालकी आणि कायदा

या पद्धतीचा मालकीशी थेट संबंध आहे. भारताच्या परकीय गुंतवणूक धोरणानुसार, इतर विक्रेत्यांना बाजारपेठ उपलब्ध करून देणाऱ्या ई-कॉमर्स कंपनीत शंभर टक्के परकीय गुंतवणूक चालते, परंतु स्वतःचा साठा ग्राहकाला विकण्याच्या पद्धतीत ती चालत नाही. २०१६ साली हा भेद स्पष्ट करण्यात आला व डिसेंबर २०१८ मध्ये नियम अधिक कडक झाले. तथापि मूळ कंपनीची मालकी व नियंत्रण भारतीयांकडे असेल, तर तिने आपल्या उपकंपनीत केलेली गुंतवणूक अप्रत्यक्ष परकीय गुंतवणूक मानली जात नाही. नायकामध्ये टीपीजी ग्रोथ, स्टेडव्ह्यू यांसारख्या परकीय गुंतवणूकदारांचे भांडवल आले, तरी बहुसंख्य मालकी भारतीय हातांत राहिल्याने उपकंपनीमार्फत साठा ठेवून विक्री करणे शक्य झाले. अशा रीतीने मालकी राखणे ही व्यवसायपद्धतीचीही पूर्वअट ठरली.

मालकी कशी घटते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, गोंदियातील एका राईस मिलचे मूल्य १ कोटी रुपये असून ती एकाच मालकाची आहे. नवा भागीदार २५ लाख रुपये मिलमध्ये घालतो. आता एकूण मूल्य १.२५ कोटी व मूळ मालकाचा हिस्सा ८० टक्के होतो. काही वर्षांनी मिलचे मूल्य ३ कोटी असताना आणखी १ कोटी रुपये येतात. एकूण मूल्य ४ कोटी होते, पण मूळ मालकाचा हिस्सा ६० टक्क्यांवर उतरतो. हिस्सा घटला तरी त्याचे मूल्य १ कोटीवरून २.४० कोटी झाले. प्रत्येक फेरीत मूल्य वाढत असेल तोवर हे लाभाचे असते. मात्र सतत तोट्यात चालणाऱ्या कंपनीला पुन्हा पुन्हा भांडवल घ्यावे लागते आणि संस्थापक हळूहळू अल्पसंख्य होतो.

फ्लिपकार्टचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. २००७ साली सचिन बन्सल व बिन्नी बन्सल यांनी स्थापन केलेल्या या कंपनीतील ७७ टक्के हिस्सा २०१८ साली वॉलमार्टने १६ अब्ज डॉलरला घेतला. म्हणजे संपूर्ण कंपनीचे मूल्य २० अब्ज डॉलरहून अधिक धरले गेले. तोपर्यंत सचिन बन्सल यांचा हिस्सा साधारण ५ ते ६ टक्क्यांवर आला होता व त्याचे सुमारे १ अब्ज डॉलर झाले. याउलट नायकाच्या शेअर विक्रीनंतरही प्रवर्तक कुटुंबाकडे निम्म्याहून थोडी अधिक मालकी शिल्लक होती.

बाजाराने दिलेला भाव

आर्थिक वर्ष २०२०-२१ मध्ये नायकाचा महसूल सुमारे २,४४१ कोटी रुपये आणि नफा सुमारे ६२ कोटी रुपये होता. त्याच्या आदल्या वर्षी कंपनी तोट्यात होती. या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २०२१ अखेरीस प्रारंभिक शेअर विक्री झाली. शेअरची किंमत १,१२५ रुपये होती. एकूण विक्री सुमारे ५,३५२ कोटींची असली तरी नवे शेअर केवळ ६३० कोटींचे होते. उर्वरित रक्कम कंपनीला मिळाली नाही, ती शेअर विकणाऱ्या जुन्या भागधारकांना मिळाली. विद्यार्थ्यांकडून बहुधा दुर्लक्षिली जाणारी ही बाब आवर्जून शिकविण्यासारखी आहे.

१० नोव्हेंबर २०२१ रोजी शेअर बाजारात नोंदला गेला व दिवसअखेर सुमारे २,२०० रुपयांवर बंद झाला. कंपनीच्या सुमारे ४७ कोटी शेअरांचे मूल्य विक्रीच्या दराने सुमारे ५३ हजार कोटी होते, ते १ लाख कोटींवर गेले. त्यामुळे कुटुंबाच्या हिश्शाचे मूल्य सुमारे २८ हजार कोटींवरून ५४ हजार कोटींच्या आसपास पोहोचले. त्या दिवशी कंपनीच्या गोदामात काहीही बदल झाला नव्हता. बाजारात थोड्या शेअरांची देवघेव होते आणि त्या शेवटच्या भावाने सर्व शेअर गुणले जातात. राईस मिलच्या शंभर भागांपैकी एक भाग कोणी २ लाखांना घेतला, तर संपूर्ण मिल २ कोटींची म्हणावी, तसाच हा हिशेब आहे. सर्व भाग एकाच वेळी त्या भावाने विकले जातील, असे मात्र नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीने एका शेअरमागे पाच बोनस शेअर दिले. त्यामुळे मूळ १,१२५ रुपयांची किंमत १८७.५० रुपयांइतकी झाली. शेअरांचे तुकडे वाढले, संपत्ती वाढली नाही. सुरुवातीच्या गुंतवणूकदारांवरील विक्रीबंदीची मुदत त्याच सुमारास संपत असल्याने बोनसच्या वेळेवर टीकाही झाली. २०२३ च्या पूर्वार्धात भाव १५० रुपयांच्याही खाली होता. म्हणजे कुटुंबाच्या हिश्शाचे मूल्य पहिल्या दिवसाच्या निम्म्याहूनही कमी झाले. याच काळात महसूल २०२१-२२ मध्ये सुमारे ३,७७४ कोटी व २०२२-२३ मध्ये सुमारे ५,१४४ कोटी, असा वाढतच होता. नफा मात्र २०२०-२१ च्या पातळीखाली आला होता. २०२४ मध्ये भाव पुन्हा मूळ विक्री किमतीच्या वर गेला.

या चढउताराचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. अत्यल्प किमतीत शेअर मिळालेल्या संस्थापकाच्या दृष्टीने घसरण म्हणजे कागदावरील नफा कमी होणे होय. पहिल्या दिवशी २,२०० रुपयांना शेअर घेणाऱ्या लहान गुंतवणूकदाराची मात्र मुद्दलच घटली. जिल्ह्यातील तरुण आज मोबाईलवरून शेअर खरेदी करू शकतो. म्हणूनच हा भेद त्याला महाविद्यालयातच समजला पाहिजे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, नायकाच्या यशामागे कल्पनेइतकाच दीर्घ अनुभव, आरंभीचे भांडवल आणि साठ्याची शिस्त यांचा वाटा आहे. दोन, संस्थापकाची संपत्ती ठरविताना कंपनीच्या मूल्याइतकेच राखलेल्या मालकीचे प्रमाण निर्णायक असते. तीन, प्रसिद्ध होणारे संपत्तीचे आकडे म्हणजे हाती आलेला पैसा नव्हे. महसूल वाढत असतानाही ते घटू शकतात.

‘ती किती कोटींची मालकीण आहे?’ असे विद्यार्थ्याने विचारल्यास अध्यापकाने एका आकड्यात उत्तर देऊ नये. किती शेअर, कोणत्या दिवसाचा भाव आणि तो भाव कोणी दिला, हे तीन प्रश्न त्याच्यापुढे ठेवावेत. धानाच्या पोत्याचा भाव बाजार समितीत रोज बदलतो, हे गोंदियाच्या शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असते. मात्र भाव पडला तरी पोत्यातील धान तेवढेच राहते. शेअरच्या भावामागे किती धान आहे, हे तपासण्याची सवय त्याला लावणे, हे वाणिज्य अध्यापनाचे कार्य आहे.